न बोलावता जाणारा बाळाराम

बाळ्या, तुझ्या श्रद्धांजलीचे बॅनर बघून मला रडू आलं नाही, किळस आली.

कोन गावच्या नाक्यावर चार लागले होते. पहिल्यावर तू खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा, आणि वर अकरा शोकाकुल चेहरे, एकेक तुझ्या तिप्पट. त्यातले दोघे काळा गॉगल लावून शोक करत होते. दुसऱ्यावर तुझा फोटो आडवा ताणलेला, म्हणजे मेल्यावर तुझं वजन वाढलं. तिसऱ्यावर 'भावपूर्ण' हा शब्द जांभळा, त्याला सोनेरी कड आणि मागे उगवता सूर्य. चौथ्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, कारण ज्याने तो केला त्याने हळदीच्या बॅनरवरचं नवरदेवाचं नाव पुसून तिथे तुझं टाकलं होतं. अकरा वर्षं या तालुक्यात आपण सांगत फिरलो, की अक्षरांभोवती जरा मोकळी जागा सोडा. कुणी ऐकलं नाही. निदान तू मेल्यावर तरी ऐकायला हवं होतं.

पण मला बोलायचा अधिकार नाही. त्या दिवशी सकाळीच तुझ्या बायकोने, मंदाने, मला फोन केला होता. "शैला, बॅनर तूच करशील ना गो? त्यांना दुसऱ्याचा आवडाचा न्हाय." मी हो म्हटलं. मग कॉम्प्युटरसमोर बसले, तुझा फोटो उघडला, बंद केला, परत उघडला, परत बंद केला. दुपारपर्यंत चार जणांनी आपापले बॅनर ठोकून टाकले. लुंग्यांसाठी, चादरींसाठी, गाद्यांसाठी मला ओळी सुचतात. तुझ्यासाठी एक सुचली नाही. म्हणून आता हे लिहितेय. उशीर झालाय, पण काम वेळेवर द्यायची माझी ख्याती कधीच नव्हती.

तुला जाऊन महिना होत आला. या महिन्यात जो भेटतो तो माझ्याकडे एकाच नजरेने बघतो: आता हिचं कसं होणार. बरोबरच आहे त्यांचं. दोघांची जाहिरातीची एजन्सी, त्यातला एक गेला, आणि गेला तो लोकांना माहीत असलेला. मला कोण ओळखतं? धामणकर नाक्याजवळच्या त्या माडीवर, खाली कापडाचे वीस लूम खडखडतायत, टेबलावरचा पेला दिवसभर थरथरतोय, आणि मी स्क्रीनला नाक लावून बसलेय, एवढंच लोकांनी पाहिलेलं. त्यात आपले क्लायंट अनंतशेठ, त्यांच्या नवीन गोदामांचं काम. ते मिळालं तर आपला बोर्ड टिकणार होता, नाही मिळालं तर मी बोर्ड उतरवून ठाण्यात कुठेतरी माझ्या निम्म्या वयाच्या साहेबाला 'सर' म्हणत बसणार होते. हे तू जिवंत असतानाही तसंच होतं. फरक इतकाच की तेव्हा काळजी तू करायचास आणि मी तुला नावं ठेवायची.

नावं मी पहिल्या दिवसापासून ठेवली. शाळेत मी मास्तरांची मुलगी, पहिल्या बाकावर. तू कोनच्या आगऱ्याचा पोरगा, मागच्या बाकावर, तोही निम्मा वेळ रिकामा. नंतर मी मुंबईच्या मोठ्या एजन्सीत सात वर्षं काढली, तिथल्या लोकांना आणि स्वतःला विटले, आणि आईच्या आजारपणाचं निमित्त करून घरी आले. कुणालाही कळवलं नव्हतं. आठव्या दिवशी तू दारात उभा, हातात लुंगीचं पाकीट.

"शैले, हे बग. आपले लूमवाले हाजीसाहेब, त्यांची लुंगी. कापड एक नंबर आन पाकिटावर वाघ. वाघाचा आन लुंगीचा काय संबंद?"

"मला काय करायचंय?"

"तू चांगला पाकीट करून दे. मी ठेवून येतो."

"त्यांनी सांगितलंय?"

"न्हाय."

"मग?"

"म्हनून तर!"

माझ्याकडे दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी केलं. वाघ काढला, कापडाची वीण जवळून दिसेल असं साधं पांढरं पाकीट केलं. तू ते हाजीसाहेबांच्या गादीवर ठेवलंस, चहा प्यायलास आणि निघून आलास. काही मागितलं नाहीस, काही विचारलं नाहीस. तीन आठवडे तिकडे फिरकलाही नाहीस. चौथ्या आठवड्यात हाजीसाहेबांचा माणूस माझं घर शोधत आला आणि आपली एजन्सी झाली.

मला ते भीक मागण्यासारखं वाटलं होतं, आणि तसं मी तुला सांगितलंही. मुंबईत आम्ही बोलावणं आल्याशिवाय जात नसू. गेलो की काचेच्या खोलीत, चाळीस पानांचं प्रेझेंटेशन, मध्ये मध्ये इंग्रजीत सुस्कारे. बहुतेक वेळा हरायचो, पण इस्त्रीच्या कपड्यांत हरायचो. तू जिंकायचास, पण कुणाच्या तरी पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पायातली चप्पल काढून. अंबाडीच्या गादीवाल्याच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोण घेऊन गेलं? तू. खारबावच्या मसालेवाल्याच्या पोरीच्या हळदीत मटणाच्या टोपापाशी उभं राहून वाढत कोण होतं? तू. ईदला हाजीसाहेबांकडे घरच्यांच्या आधी हजर कोण? मी विचारायची, आज कुठे होतास रे? तू म्हणायचास, "च्या प्यालो." दिवसभर? "दिवसभर." आणि संध्याकाळी टेबलावर कागद टाकायचास, "पास झाला."

पास झाला. नेहमीच पास झाला. अकरा वर्षांत एका क्लायंटने माझ्या एका ओळीला, एका रंगाला नाही म्हटलं नाही. खोड काढायचे ते फक्त प्रिंटिंगवाले. हा लाल बसत नाही, ही अक्षरं फाटतात, हे पान उलटं करा. त्यांना मी अकरा वर्षं मनापासून शिव्या घातल्या. क्लायंटबद्दल माझं मत त्याहून वाईट होतं. मला वाटायचं या लोकांना डोळे आहेत पण नजर नाही. त्यांना बाळाराम हवा आहे. बाळारामच्या हातात मी काढलेलं पाकीट आहे की वड्याचा कागद आहे, त्यांना काही फरक पडत नाही.

आणि तुझं ते मयताचं खातं! ते तर मला कुणाला सांगायचीही लाज वाटायची. कुणाच्या घरी कुणी गेलं की माणसं स्मशानातून परतायच्या आत नाक्यावर बॅनर लागलेला असायचा, फुकट, खाली एजन्सीचं नाव न टाकता. "दुःखाच्या टायमाला कुनाला सुचता शैले? आपून करून टाकायचा." मी म्हणायची, तू गिधाड आहेस. तू म्हणायचास, फोटो जरा मोठा कर.

आबांच्या वेळी तुला शिक्षा होईल असं मला वाटलं होतं. खरं सांगते, मला ती व्हायलाच हवी होती. अनंतशेठ तेव्हा आपले क्लायंट नव्हते. त्यांचे वडील आबा ठाण्याला हॉस्पिटलात होते. एके सकाळी गावच्या ग्रुपवर कुणीतरी आबांच्या नावापुढे हात जोडलेले टाकले, मग पन्नास जणांनी हात जोडले. आपल्याकडे आधी हात जोडतात आणि चौकशी मागाहून करतात. तू मला उठवलंस. माझ्याकडे आबांचा एक फोटो होता, खाडीकाठी होडीला टेकून बसलेले, दुसऱ्याच कुठल्या कामाच्या वेळी मी काढलेला. मी बॅनर केला. फक्त चेहरा, मागे खाडी, खाली नाव. दहाला तो नाक्यावर लागला. अकराला कळलं की आबा वॉर्डात उठून बसलेत आणि पेज मागतायत.

तू तो बॅनर उतरवलास, गुंडाळी केलीस, आणि आबा घरी आले त्या दिवशी ती गुंडाळी बगलेत मारून त्यांच्या घरी निघालास. पुन्हा न बोलावता. मी म्हटलं, मार खाशील. "खाईन," म्हणालास आणि गेलास. तीन तास मी हळद आणि बँडेजचा विचार करत बसले. तीन तासांनी तू आलास ते अनंतशेठच्या पहिल्या गोदामाचं काम घेऊन.

"काय केलंस तिथे?"

"च्या प्यालो."

त्या दिवशी मी ठरवून टाकलं की हा धंदा नाही, हा तमाशा आहे. जिवंत माणसाला मारून क्लायंट मिळवणारी एजन्सी जगात दुसरी नसेल.

मग आपलं शेवटचं भांडण. अनंतशेठने बारा नवी गोदामं बांधलीत, तिथल्या पाट्यांपासून नावापर्यंत सगळं कुणाला तरी द्यायचंय, आणि यावेळी मुंबईची एक एजन्सीही येतेय, ही बातमी तूच आणलीस. मी चाळीस पानं केली. बऱ्याच वर्षांनी माझ्या अंगात जोर आला होता. यावेळी मी येणार, मी बोलणार, तू गप्प बसायचं, असं मी तुला सांगितलं. तू पानं उलटलीस आणि म्हणालास, "चांगला हाय. पन हे तर मुंबईवाले पन आननार. आपून दोन दिवस गेटवर जाऊन बसू. ड्रायव्हर लोक काय बोलतात ते ऐकू."

मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, लोकांच्या दारात बसायला तू जन्मलायस, मी नाही. मी म्हटलं, तू एजन्सी चालवत नाहीस, ओळखी चालवतोस, आणि माझं काम चहाबरोबरच्या बिस्किटासारखं पुढे सरकवतोस. तू हसलास. "बिस्कुट तर तुजाच असता ना शैले?" मला हसू आलं नाही. मी म्हटलं, स्वतःच्या मयतालासुद्धा तू कार्डं वाटशील. मग तू चप्पल घातलीस आणि लूमच्या जिन्याने खाली उतरलास. चार दिवस आपण बोललो नाही. पाचव्या दिवशी पहाटे तुझ्या छातीत दुखलं आणि मंदा रिक्षा बोलवेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता तू म्हणशील, त्याचा माझ्या बोलण्याशी काय संबंध. नाहीच. डॉक्टरांनी सांगितलं, नस आधीपासून बंद होती. तरीही माझं शेवटचं वाक्य ते होतं आणि ते मागे घ्यायला आता कुणी नाही. याचा मला भयंकर राग येतो, बाळ्या. जो माणूस सगळ्यांच्या दुःखात वेळेच्या आधी हजर असायचा तो माझी माफी ऐकायला आणखी चार दिवस थांबला नाही.

तुझ्या बाराव्याला आख्खा तालुका लोटला होता. मी कोपऱ्यात बसून लोकांना नावं ठेवत होते, दुसरं काय करणार? एका पुढाऱ्याने तुझ्यावर दहा मिनिटं भाषण केलं आणि तुझं नाव दोनदा बळीराम घेतलं. हाजीसाहेब आले, काठी टेकत, आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "बेटी, वो लडता बहोत था." मला वाटलं म्हातारा कुणा दुसऱ्याबद्दल बोलतोय. तू, आणि लढणार? तू आयुष्यात रिक्षावाल्याशी घासाघीस केली नाहीस.

मग मंदा जेवणाच्या पंगतीत माझ्या पानावर वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "तुज्यापाई किती जनांशी भांडलाय गो. घरी येऊन आडवा परायचा, बोलायचा, मंदा, आज लय डोका खाल्ला लोकांनी, पन शैलाचा एक अक्षर हलू दिला न्हाय." मी मान वर केली तोवर ती पुढच्या पानावर गेली होती. मला त्या जेवणाची चव आठवत नाही.

बाराव्यानंतर अनंतशेठने निरोप धाडला, सोमवारी या. माझी चाळीस पानं तयार होती. रविवारी मी ती शेवटची म्हणून उघडली आणि पाच पानांवर बंद केली. 'विश्वासाची नवी उंची.' कुणाची उंची? गोदाम बैठं आहे. ही ओळ मी लिहिली होती आणि तू "चांगला हाय" म्हणाला होतास! मी सोमवार पुढे ढकलला, एक आठवडा मागून घेतला, आणि स्कूटर काढून नव्या गोदामांच्या गेटवर गेले. तुझं ऐकून नाही. तुला चूक ठरवायला.

दोन दिवस बसले. पहिला दिवस मी ड्रायव्हरांचा, धुळीचा आणि तुझा तिरस्कार करण्यात घालवला. बारा गोदामं, बाराही राखाडी, बारांवर इंग्रजी अक्षर आणि नंबर, तोही शटरच्या मागे लपलेला. कंटेनर येतात, आत शिरतात, फिरतात, चुकतात, मागे येतात, एकमेकांना अडवतात. ड्रायव्हर उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, कुणाला कुणाची भाषा येत नाही. एकाला मी हिंदीत विचारलं, गोदाम कसं शोधता? तो म्हणाला, "शोधत नाही ताई, त्या लिंबाच्या झाडासमोरचं म्हणून सांगतात, तिथे जातो." लिंबाचं झाड त्या आवारात एकच होतं. गोदामं बारा. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने मला न विचारता कप दिला आणि सांगितलं, "बालाराम दादा हितंच बसायचा, चार दिवस. त्या दगडावर." म्हणजे भांडण झाल्यावर जे चार दिवस तू माझ्याशी बोलत नव्हतास ते तू तिथे होतास.

मी घरी आले आणि चाळीस पानं फेकून दिली. प्रत्येक गोदामाची रस्त्याकडची भिंत एका रंगात, आणि तिच्यावर जमिनीपासून छपरापर्यंत एकच चित्र. अनंतशेठचे वाडवडील ज्या खाडीत जाळी टाकायचे त्या खाडीतलं. खेकडा म्हणजे चिंबोरी, कोळंबी, आणि बोईट, शिंगाला हे मासे. ड्रायव्हर बिहारचा असो की तमिळनाडूचा, खेकडा त्याला वाचावा लागणार नाही. गोदाम नंबर अमुक नाही, चिंबोरी गोदाम. बारा चित्रं मी पाच दिवसांत काढली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि दाखवायला आता कुणी नव्हतं.

सोमवारी गुंडाळी घेऊन गेले. बगलेत मारून. अनंतशेठ जुन्या गोदामाच्या पडवीत बसले होते. "बसा मॅडम." प्लास्टिकची खुर्ची. मी बसले. चहा आला. गुंडाळीला मी हात घालायच्या आत ते म्हणाले, "काम तुमचाच. मुंबईवाल्यांना न्हाय बोललो मी. बालारामच्या नावानं."

बाळ्या, ज्या कामावर आपली एजन्सी टिकणार होती ते माझ्या पुढ्यात येऊन पडलं होतं. फक्त मान हलवायची होती. आणि माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नकोस. अकरा वर्षांचं साचलेलं होतं. मी म्हटलं, "त्याच्या नावाने नको. तुम्ही कधी माझं काम उघडून बघितलंय का अनंतशेठ? एकदा तरी? चहा पिऊन हो म्हणायचं असेल तर मला नको हे काम."

मला वाटलं, आता उठा म्हणतील. अनंतशेठ हसायला लागले.

"मॅडम, तुमाला काय वाटला, आमी डोले मिटून हो बोलायचो?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आबांचा बॅनर घेऊन आलता तेव्हाची गोष्ट सांगतो. आबांनी काठी उगारली. मंग बोलले, उघड बगू, कसा मारलाय मना. उघडला. आबा बगतच बसले. बोलले, ह्यो फोटो कोनी काडला? हा मीच हाय. बालाराम बोलला, मॅडमनी. मी बोललो, फोटो ठीक, पन नाव बारीक हाय, नाव मोठा पायजे होता. झाला! त्यावर बालाराम एक तास भांडला. आबा जिवंत, बॅनर उतरवलेला, कुनाच्या कामाचा न्हाय, आन हा बोलतो नाव मोठा केला तर चेहरा मरतो. आबा खाटेवर हसून हसून खोकले. म्हनून काम दिला मी. जो मानूस फुकटच्या बॅनरसाठी भांडतो तो माझ्या गोदामासाठी किती भांडंल!"

"मला तो म्हणाला, चहा प्यालो."

"च्या तर प्यालाच. दर येलेला तीन तास, सा कप. रंगावरून, अक्षरावरून. हाजीसाहेब तर त्याला घराभायेर काडायचे आन परत बोलवायचे. आमी बोलायचो, मॅडमला आन, आमी त्यांच्याशी बोलतो. तो बोलायचा न्हाय. जे बोलायचा ते मना बोला, ती जिवाला लावून घेते."

"आणि तुमचंच बरोबर असलं तर?"

अनंतशेठ दुसरीकडे बघत म्हणाले, "मंग तो तुमाला सांगायचा, प्रिंटिंगवाला बोलतो बसत न्हाय."

मला हसू यायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर अकरा वर्षांचे प्रिंटिंगवाले उभे राहिले, बिचारे, ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. ज्या क्लायंटना मी आंधळे समजत होते त्या सगळ्यांनी माझं एकेक अक्षर बघितलं होतं, आणि मला लागेल म्हणून जो निकाल ऐकवायचा नाही असं तू ठरवलंस तो दर वेळी तू तुझ्या पोटात घातलास. आणि मी वर तोंड करून तुला बिस्किटं वाटणारा म्हटलं. बाळ्या, तुला नावं ठेवण्यात मी जेवढी अक्कल खर्च केली तेवढी मी कुठल्याच कामात केली नसेल, आणि ती सगळी वाया गेली.

"आता बालाराम न्हाय," अनंतशेठ म्हणाले. "उघडा."

मी गुंडाळी उघडली. चार कोपऱ्यांवर कप-बशा ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. चिंबोरीवर बोट ठेवलं. कोळंबीवर ठेवलं. मग सातव्या भिंतीवर बोट थांबलं.

"हा निला न्हाय चालनार."

"का?"

"दिवे लागले का निला काला दिसतो. ड्रायव्हर येनार अंधार परल्यावर. काल्या भिंतीवर काय बगनार तो?"

"निळा खाडीचा रंग आहे."

"आमची खाडी निली? कवा बगितलीस तू?" रागात ते 'मॅडम'वरून 'तू'वर आले. "आन हा काय, बोंबील? बोंबील खाडीत असतो? दर्यात असतो. तुमच्यात खात न्हाय म्हनून काय पन काडायचा? निवटी काड. निवटी बगितलीस का कधी? चिखलावर चालते."

"बोंबील दिसायला चांगला आहे."

"गावातली पोरा हसतील मना. न्हाय म्हंजे न्हाय."

मी भांडले. अडीच तास भांडले. निळा गेला. बोंबील गेला, निवटी आली. चिंबोरीच्या खाली त्यांना त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं, तिथलं एक अक्षर मी हलू दिलं नाही, आणि दीड तासाने ते म्हणाले, "बरं, राहू दे तसाच, डोका नको खाऊ." चार कप चहा झाला. शेवटचा मी मागून घेतला.

बाहेर येऊन मी स्कूटरपाशी उभी राहिले. किल्ली लागेना. तुझ्या अंत्यविधीला नाही, बाराव्याला नाही, कोनच्या नाक्यावर नाही, तिथे कंटेनरच्या रांगेत मला रडू आलं, आणि ते थांबेना. दोन ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले.

अनंतशेठने मला नाही म्हटलं, बाळ्या. माझ्या तोंडावर, माझं काम नीट बघून, नाही म्हटलं. मला इतकं बरं वाटलं आणि इतकं लागलं, की हे तू रोज एकट्याने कसं सोसलंस कळेना. हलकटा, एकदा तरी मला बरोबर न्यायचं होतंस.